युद्ध आणि जागतिक घडामोडींवरील व्याख्याने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी भागांतील वाचनालये, महाविद्यालये, तरुण मंडळे आणि गावोगावच्या साहित्य संमेलनांचे संयोजक व्याख्यान ठरवताना जे प्रश्न विचारतात, तसेच व्याख्यान संपल्यावर श्रोते जे विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. माझा व्यवसाय पत्रकारितेचा आणि अभ्यास लष्करी इतिहासाचा. व्याख्याने या दोन्हींच्या आधारे होतात.

आपण पत्रकार म्हणून बोलता की इतिहासकार म्हणून?

दोन्ही भूमिकांतून बोलतो, परंतु त्यांची गल्लत होऊ देत नाही. पत्रकाराला आज रात्रीपर्यंत जे हाती आले त्यावर लिहावे लागते. इतिहासकाराला कागदपत्रे खुली होईपर्यंत थांबता येते. हा फरक किती मोठा असतो, याचे माझ्या व्याख्यानांतले नेहमीचे उदाहरण १९१६ सालच्या मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकमधील) मोहिमेचे आहे. भारत संरक्षण कायद्याच्या दडपणाखाली निघणाऱ्या तेव्हाच्या वृत्तपत्रांतून वाचकाला शौर्याच्या आणि लवकरच मदत पोहोचणार असल्याच्या बातम्या मिळत होत्या. जखमींसाठी पुरेशी जहाजे नव्हती, औषधे नव्हती आणि सिमल्यातील सरकारने आवश्यक तयारीवाचून सैन्य पुढे ढकलले होते, ही हकीकत १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल बाहेर आल्यावर उघड झाली आणि तिच्यापायी ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. अर्थात चौकशी आयोग नेमला जाणे हेही दुर्मिळच असते. बहुतेक युद्धांना तो लाभत नाही.

म्हणून चालू युद्धाविषयी बोलताना कोणती गोष्ट आज पक्की आहे आणि कोणती दहा वर्षांनी बदलू शकेल, हे मी त्या त्या ठिकाणी स्पष्ट सांगतो. काही श्रोत्यांना हा सावधपणा कंटाळवाणा वाटतो. त्यांची तक्रार मला मान्य आहे, पण त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

बेळगावच्या श्रोत्यांपुढे आपण इराकमधल्या कुतच्या वेढ्याविषयी इतके का बोलता?

कारण त्या वेढ्यात आपली माणसे होती. पहिल्या महायुद्धात पुणे येथील सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे तुर्की सैन्याशी झालेल्या लढाईनंतर तिला माघार घ्यावी लागली आणि नदीच्या वळणात वसलेल्या कुत या गावात ती अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असे जवळजवळ पाच महिने वेढा चालला. बाहेरून सोडवणुकीचे जे प्रयत्न झाले त्यांत सुमारे २३ हजार सैनिक ठार किंवा जखमी झाले, तरी वेढा फुटला नाही. अखेर सुमारे १३ हजार लोक शरण गेले. त्यांच्यापैकी हजारोंचा बंदिवासात, वाळवंटातील पायपिटीत आणि रेल्वेमार्गाच्या कामावर अंत झाला.

या वेढ्याची माहिती सांगताना मी तोफांपेक्षा शिध्याविषयी अधिक बोलतो. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटले जाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते खाण्यास नकार दिला. जात बाटेल, गावी परत गेल्यावर पंगतीत कोण घेईल, मुलीचे लग्न कसे जमेल, ही त्यांची भीती होती. अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती मिळवली, तरीही अनेकांनी अगदी शेवटच्या आठवड्यांपर्यंत तोंड लावले नाही. तोवर स्कर्व्ही या रोगाने हिरड्या सुजल्या होत्या आणि पहाऱ्यावर उभे राहण्याचे त्राण उरले नव्हते. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकण्यात आली. हवाई मार्गाने अन्न पुरवण्याच्या जगातील सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक होता. पण त्या काळच्या विमानांची वाहून नेण्याची ताकद आणि वेढ्यातील तोंडांची संख्या यांचा मेळ बसणे शक्य नव्हते.

आता दुसरी बाजू पाहावी. कुत पडण्याच्या आदल्या दिवशी, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगाव येथे लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. पाठोपाठ १ मे रोजी टिळकांनी येथेच स्वराज्याविषयी भाषण केले. मराठा शिपाई टायग्रिसच्या काठी उपाशी असताना, त्या शिपायांच्या मुलखात स्वराज्याची मागणी संघटित होत होती. टिळकांनी सैन्यभरतीला सरसकट विरोध केला नाही; हिंदी तरुणांना अधिकारीपदे मिळाली पाहिजेत, ही त्यांची अट होती. साम्राज्याला माणसांची गरज आहे तर त्या माणसांना हक्क का नाहीत, हा प्रश्न महायुद्धामुळेच धारदार झाला. या दोन घटना शाळेत दोन वेगळ्या धड्यांत शिकवल्या जातात, आणि ही फारकत मला चुकीची वाटते.

मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ मध्ये बेळगावात आले. तेव्हापासून कँपातल्या परेडचा आवाज ऐकत शहराच्या कितीतरी पिढ्या वाढल्या, पण त्या पलटणींनी परदेशांत काय सोसले, याची माहिती पदकांच्या यादीपलीकडे फारशी गेली नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावे अनेकांना ठाऊक असतात. कुतमधल्या भुकेची हकीकत मात्र सांगावी लागते.

पानिपतावर व्याख्यान द्याल का?

देईन, पण संयोजकांना एक कल्पना द्यावीशी वाटते. माझ्या व्याख्यानात १४ जानेवारी १७६१ या दिवसाला जितका वेळ मिळतो, त्याहून अधिक वेळ आधीच्या अडीच महिन्यांना मिळतो. या काळात भाऊसाहेबांच्या छावणीचा दिल्लीशी आणि दक्षिणेशी संबंध तुटला होता. रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. त्यानंतर छावणीतील लढवय्ये, बुणगे, यात्रेकरू आणि जनावरे या सर्वांच्या पोटाचा प्रश्न दिवसागणिक बिकट होत गेला, आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असे सरदारच म्हणू लागले. विश्वासराव पडल्याच्या प्रसंगावरच ज्यांना रंगलेले व्याख्यान हवे असेल, त्यांनी दुसरा वक्ता पाहावा. तसे उत्तम वक्ते आपल्या भागात आहेत.

दूरच्या युद्धाशी आमच्या ऊसकरी शेतकऱ्याचा काय संबंध?

हा प्रश्न मला संकेश्वर, चिकोडीकडच्या गावांत हमखास विचारला जातो, आणि तो योग्यच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. भारताला लागणारे पोटॅश जवळजवळ पूर्णपणे बाहेरून येते आणि त्याचे मोठे उत्पादक रशिया आणि बेलारूस हे देश आहेत. त्या वर्षी पोटॅशचे पोते १,७०० रुपयांवर गेले. डीएपी या खताचा दर केंद्र सरकारने अनुदान वाढवून १,३५० रुपयांवर रोखून धरला. म्हणजे दुकानातल्या पावतीवर जी वाढ दिसली नाही ती सरकारी तिजोरीतून गेली. सूर्यफुलाचे तेल युद्धापूर्वी बहुतांश युक्रेनमधून येत असे, त्यामुळे त्याची झळ थेट स्वयंपाकघराला बसली. १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली आणि १ जूनपासून साखरेच्या निर्यातीवर नियंत्रण येऊन हंगामाची मर्यादा १०० लाख टन ठरली. २०२३ च्या अखेरीस येमेनमधील हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा युरोपकडे जाणारी बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. युरोपला ओतीव सुटे भाग पाठवणाऱ्या, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराला वाढलेले भाडे आणि लांबलेला प्रवास समजावून सांगावा लागत नाही.

येथे एक पथ्य पाळावे लागते. प्रत्येक दरवाढीचे खापर युद्धावर फोडणे व्यापाऱ्यालाही सोयीचे असते आणि सरकारलाही. साखरेच्या निर्यातीवरील नियंत्रणामागे देशातला साठा आणि सणासुदीचे दर ही कारणेही होती. किती वाटा युद्धाचा आणि किती धोरणाचा, याची फोड केल्याशिवाय मी ही उदाहरणे देत नाही.

पैशांपलीकडचा संबंधही आहे. १ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधील खारकीव्हमध्ये कर्नाटकातल्याच हावेरी जिल्ह्यातील वैद्यकीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. आपली मुले इतक्या मोठ्या संख्येने तिकडे का शिकायला गेली होती, हा प्रश्न युद्धनीतीचा नसून वैद्यकीय शिक्षणाच्या खर्चाचा आहे, आणि जागतिक घडामोडींवरील व्याख्यानात तोही आलाच पाहिजे.

युद्धाच्या बातम्यांतील खरे-खोटे आपण कसे ठरवता?

पहिली गोष्ट म्हणजे शत्रूच्या हानीचे आकडे कोणत्याही देशाच्या सेनादलाने दिलेले असले तरी ते दावा म्हणूनच नोंदवतो, वस्तुस्थिती म्हणून नव्हे. स्वतःच्या हानीविषयी प्रत्येक सरकार हात आखडता घेते. मृत्युलेख, अंत्यसंस्कारांच्या स्थानिक बातम्या, उपग्रहांची छायाचित्रे, नष्ट झालेल्या रणगाड्यांची एकेक करून केलेली मोजणी, अशा वेगवेगळ्या वाटांनी येणारी माहिती एकमेकांशी जुळते का, हे पाहावे लागते. जुळली नाही तर व्याख्यानात आकडा देत नाही.

मे २०२५ मधील चार दिवस या दृष्टीने फार बोलके आहेत. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि १० मे रोजी गोळीबार थांबला. तेवढ्या अवधीत व्हिडिओ गेममधील दृश्ये लढाईची म्हणून फिरली, जुन्या स्फोटांची चित्रे नवी म्हणून दाखवली गेली आणि काही वाहिन्यांनी पडलेली शहरे जाहीर केली, जी पडलेली नव्हती. आपल्या जिल्ह्यालाही त्याची झळ लागली. पत्रकार परिषदांत माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांचे सासर गोकाक तालुक्यातील कोन्नूर येथे आहे. त्या घरावर हल्ला झाल्याची पोस्ट समाजमाध्यमांवर पसरली. असे काहीही घडलेले नसल्याचे बेळगावच्या जिल्हा पोलीस प्रमुखांना जाहीर करावे लागले. कोन्नूर आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. गोकाकात ओळखीचे कोणी नाही असे घर या भागात क्वचित सापडेल, आणि तरीही एक फोन करून खात्री करण्याआधी लोकांनी ती पोस्ट पुढे ढकलली. खारकीव्हची किंवा गाझाची बातमी तपासणे अवघड आहे, हे मान्य. कोन्नूरची तपासणे अवघड नव्हते. व्याख्यानात मी हे उदाहरण जरा कठोर शब्दांत मांडतो, याची संयोजकांनी कल्पना ठेवावी.

सैन्याच्या चुकांविषयी बोलणे हा जवानांचा अपमान नाही का?

निवृत्त सैनिकांनी भरलेल्या सभांत हा प्रश्न येतो, पण आश्चर्य असे की तो बहुधा निवृत्त सैनिक विचारत नाहीत. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गुप्तवार्ता यंत्रणेतील त्रुटी दाखवल्या आणि २००० मध्ये तो अहवाल, काही भाग वगळून का होईना, संसदेपुढे आला. त्यातून पुढे सुधारणा झाल्या. याउलट १९६२ च्या पराभवाची कारणे तपासणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ पासून गोपनीय आहे. पहिला मार्ग जवानांच्या हिताचा आहे, असे माझे मत आहे. चुकीच्या निर्णयाची किंमत खंदकात उभा असलेला माणूस मोजतो. निर्णय घेणारा सहसा मोजत नाही.

गोवा मुक्तीवर व्याख्यान मिळेल का?

मिळेल, आणि ते या भागातच सर्वांत चांगले रंगते, कारण श्रोत्यांना घाट आणि रस्ते पायाखालचे असतात. १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी केलेला गोळीबार, त्यानंतर भारताने केलेली आर्थिक कोंडी आणि कॅसलरॉकमार्गे जाणारी बंद पडलेली रेल्वे, तिथून ही कथा सुरू होते. डिसेंबर १९६१ मध्ये मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन बेळगावात जमली. १८ तारखेला उत्तरेकडून ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि पूर्वेकडून अनमोड घाटाने ६३ वी ब्रिगेड गोव्यात उतरली. लिस्बनहून सालाझार यांचा आदेश शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा होता; गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी निरर्थक रक्तपात टाळून १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्याबद्दल त्यांना मायदेशी बडतर्फ करण्यात आले. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकारामुळे बारगळला. सत्याग्रही, सेनापती आणि मुत्सद्दी या तिघांच्या हालचाली एकाच नकाशावर दाखवता येतात, असे विषय थोडे असतात.

सीमाप्रश्नावर आपण बोलता का?

स्वतंत्र व्याख्यान म्हणून नाही. प्रश्न आला तर उत्तर देतो. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ मध्ये नेमलेला आणि १९६७ मध्ये अहवाल देणारा महाजन आयोग, त्यावर महाराष्ट्राने घेतलेले आक्षेप आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, एवढी वस्तुस्थिती क्रमाने सांगतो. हा घटनेच्या चौकटीतील दोन राज्यांचा दिवाणी वाद आहे. त्यासाठी रणांगण, शत्रू, आक्रमण असे शब्द व्यासपीठावरून वापरले गेले तर मी माझ्या भाषणात ते दुरुस्त करतो, मग ते अध्यक्षांनी वापरलेले का असेनात. हद्दींविषयी मराठी माणसाला वाटणारी वेदना मी नाकारत नाही; ती माझीही आहे.

तिसरे महायुद्ध होईल का?

भाकीत करत नाही. एवढे सांगतो की जगात आजही १२ हजारांहून अधिक अण्वस्त्रे आहेत, आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये आपले लक्ष नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखमधील चिनी आक्रमणाकडे लागलेले असताना त्याच दिवसांत क्यूबावरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले होते. २७ ऑक्टोबरला एका सोव्हिएत पाणबुडीवरील अधिकारी वासिली अर्खिपोव्ह यांनी अण्वस्त्र डागण्यास संमती दिली नाही. पुढच्या वेळी त्या जागी कोण असेल, हे अभ्यासाने सांगता येत नाही.

व्याख्यान कोणत्या भाषेत असते? कन्नड भाषक श्रोते येऊ शकतात का?

व्याख्यान मराठीत असते. प्रश्न कन्नडमध्ये विचारला तर उत्तर कन्नडमध्ये देतो आणि त्याचा सारांश मराठीत सांगतो. सर्वांचे स्वागत आहे.

वेळ, व्यवस्था आणि मानधन?

पन्नास मिनिटे भाषण आणि किमान अर्धा तास प्रश्नोत्तरे. प्रश्नोत्तरांचा वेळ आभारप्रदर्शनासाठी कापू नये, ही कळकळीची विनंती. सत्कार करायचाच असेल तर शाल-श्रीफळाऐवजी वाचनालयासाठी एखादे पुस्तक घ्यावे. प्रोजेक्टर नसला तरी चालते, कारण भिंतीवर टांगायचे कापडी नकाशे मी बरोबर आणतो. ध्वनिक्षेपक मात्र आधी तपासून ठेवावा. ऊसतोडणीच्या दिवसांत सायंकाळी सातपूर्वी कार्यक्रम ठेवल्यास शेतकरी येऊ शकत नाहीत. मानधन संस्थेच्या ऐपतीप्रमाणे. शाळा आणि गावच्या वाचनालयांकडून फक्त प्रवासखर्च घेतो.

ध्वनिचित्रमुद्रण करता येईल का?

संपूर्ण व्याख्यानाचे करता येईल. तीस सेकंदांचे तुकडे काढून पसरवण्यास परवानगी नाही.

आमच्या घरी आजोबांची पदके आणि पत्रे आहेत. त्यांचे काय करावे?

प्रथम, पदके ब्रासो लावून घासू नयेत. पहिल्या महायुद्धातील बहुतेक पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते, आणि दर दसऱ्याला चकाकी आणण्याच्या नादात नेमकी तीच अक्षरे झिजतात. भिंग घेऊन ती उतरवून घ्यावीत. सेवापुस्तिका, पेन्शनचे कागद आणि पत्रे लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये. सुती कापडात किंवा साध्या कागदी लिफाफ्यात, लोखंडी ट्रंकेत पण ओल नसलेल्या जागी ठेवावीत. दोन्ही बाजूंची मोबाइलवर दिवसाच्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत. मजकूर मोडीत असेल तर अंदाजाने वाचू नये, मोडी जाणणाऱ्याला दाखवावा.

युद्धात मृत्यू पावलेल्यांचा शोध राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत नाव, पलटण किंवा गावावरून घेता येतो. नावाची इंग्रजी अक्षररचना त्या काळच्या कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली असते, म्हणून निरनिराळ्या प्रकारे शोधून पाहावे. नाव सापडले नाही म्हणून माणूस गेलाच नव्हता, असा निष्कर्ष काढू नये: बसरा येथील स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांची मात्र बहुतांशी केवळ संख्या दिली गेली. मृतांच्या स्मरणात असा भेद झाल्याचे या आयोगाने २०२१ मध्ये अधिकृतपणे मान्य केले. कुत किंवा बसरा असा उल्लेख असलेला कोणताही कागद आपल्याकडे असेल, तर व्याख्यानाला येताना मूळ प्रत घरी ठेवून त्याचे छायाचित्र आणावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्या माणसाचे गाव, भावंडे व भरतीचे ठिकाण विचारून ते कागदावर लिहून आणावे.